तारीख नसलेला गुंड

५ फेब्रुवारी २०१८

कॉलेजातली संग्रहाची खोली रिकामी करायची — ठरलं! स्पर्धा परीक्षेच्या मुलांना बसायला जागा हवी. बरोबर आहे, मुलं व्हरांड्यात बसून वाचतात. मी वाद घातला नाही. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, रिटायर झालात तरी संग्रहाचं तुम्हीच बघत आलात. तुम्हीच सांगा, काय करायचं."

भांडी ज्यांची त्यांना परत. कोणी नेणार नाही ती मोडीत. सही केली. सही नेहमीसारखीच आली.

चाळीसेक भांडी. सगळी पितळेची, सगळ्यांवर नाव घातलेलं. प्रतिक्षानं एम.ए. करताना गावोगाव फिरून मागून आणलेली. एसटीनं यायची, मांडीवर कोणाची तरी परात. बायकांना सांगायची — तुमचं नाव राहील.

ती जाऊन दोन वर्षं झाली. आता हेही.

६ फेब्रुवारी

तिचाही एक गुंड आहे त्यात. पाण्याचा, मोठा. ती दहावी झाली तेव्हा पुढं लग्नात द्यायला म्हणून मीच घेतला होता. दुकानातच नाव घालून घेतलं — चि. प्रतिक्षा हिस आईबाबांकडून. खाली तारखेची जागा सोडायला सांगितली.

लग्न जमलं तेव्हा मुलाकडच्यांना तिनं स्वतःच सिकलसेलच्या आजाराचं सांगितलं. रक्तातलं आहे, लपवायचं कसं, म्हणाली. ते पुन्हा आले नाहीत. महिन्याभरात तिनं गुंड उचलून संग्रहात नेऊन ठेवला. मी ओरडले. "आई, तिथं तारीख नसलेलं चालतं."

प्राचार्यांना सांगितलं, तो गुंड माझ्याकडे येईल. "तुमचाच आहे, आजच घेऊन जा." नको म्हटलं. आधी बायकांची भांडी जाऊ देत. जिच्या ताब्यात संग्रह, तिनंच पहिलं भांडं उचलायचं नसतं.

पण खरं लिहिते. खोली रिकामी होणार ऐकलं तेव्हा आत कुठंतरी बरं वाटलं. गुंड घरी येणार!

१२ फेब्रुवारी

अनुप — ऑफिसात नवीन आलेला, कंत्राटी — भांडी देणाऱ्यांना फोन करतो आहे. ज्यांचे नंबर नाहीत त्यांच्याकडे मी जायचं.

सत्यभामाबाई आज ऑटो करून परात न्यायला आल्या. उलटीसुलटी करून पाहिली. "हे काय मॅडम! काळी ठिक्कर! इतके वर्षं कोणी घासली नाही? नुसती पाहूनच राहिले होते काय?"

घासलं की नाव झिजतं, म्हणून प्रतिक्षाचा नियम होता — सांगितलं.

"नाव झिजते म्हणून भांडं असं ठेवाचं?" हसल्या. मग थांबल्या. "पोरगी गुणाची होती पण." जाताना परात पदरानं पुसत होत्या.

१७ फेब्रुवारी

तिचा फोन वाजला. दुपारी, कपाटात.

मी दर महिन्याला रिचार्ज करते. चार्जिंगलाही लावते. हे म्हणतात, "बंद कर तो नंबर." जवाहरनगरच्या फॅक्टरीत जन्म गेला यांचा — काम संपलं की मशीन बंद.

मी उचलत नाही. नंबर पाहत नाही. बँक असेल, कुठली कंपनी असेल. वाजतो तेवढा वेळ कोणाला तरी ती हवी असते.

१९ फेब्रुवारी

आज पुन्हा वाजला. शेवटपर्यंत ऐकला.

२६ फेब्रुवारी

"नको" म्हणणाऱ्याच जास्त. मालनबाई म्हणाल्या, "घरकुलात माणसं मावत नाहीत मॅडम, गंगाळ कुठं ठेवू?" त्यावर सासऱ्यांचं नाव आहे, मी आठवण दिली. "द्या मोडीत! त्याईनं मले कमी तरास देला काय?" ऑफिसातले सगळे हसले. मीही.

परत आले तर कपाटात वाजत होता. दार उघडेपर्यंत थांबला.

६ मार्च

सानगडी. साकोलीपर्यंत बस, पुढं काळीपिवळी जीप. रुखमाबाई अंगणात लाखोरीची डाळ पाखडत होत्या. मला पाहून माझ्या मागं पाहिलं.

"पोरगी काहून नाही आली?"

"कामात आहे."

तोंडातून गेलं. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. कळवायचं ते मीच. आणि समोर बसून हे बोलले!

चहा झाला. म्हटलं, तुमचा गुंड परत द्यायचा आहे.

"वापस कायले? माह्या मायचं नाव हाय त्याच्यावर. घरी आणला तं सून उद्याच मोडीत देते. आताच स्टीलचा डरम आणला तिनं."

आतून सून — "ऐकू येऊन राहिलं, आत्याबाई!"

"येऊ दे!" मग मला, "नाव राहील म्हणे पोरगी. मी काही मागितलं नाही तिले, तिनंच म्हटलं. तिथंच राहू द्या. तुमाले जड होते काय?"

"राहील," म्हटलं. एका दुपारी दोनदा खोटं.

निघताना म्हणाल्या, "तिचा लंबर हाय माह्यापाशी. सुनेच्या फोनवरून लावीन म्हणा तिले."

बसमध्ये ठरवलं. रुखमाबाईंचा गुंडही मीच घरी आणणार. दोन्ही शेजारी शेजारी ठेवीन, स्वयंपाकघरात, खिडकीपाशी. मग दुसरं तरी खोटं राहणार नाही.

७ मार्च

खोली उघडी. आत बाकं. रंगाचा वास.

"कालच गेला माल, मॅडम," अनुप म्हणाला. "नको म्हणणाऱ्यांचा, अन् ज्यांचा काहीच जबाब नाही आला त्यांचा. बाकं बाहेर येऊन पडली होती न."

तारीख नसलेला गुंड, विचारलं. प्रतिक्षाचा.

"प्रतिक्षा मॅडम? त्यांना तीनदा लावला. रिंग जाऊन राहिली होती. उचलतच नव्हत्या."

मी खाली बसले. बाकावर. नवीन बाक.

"तुमच्या ओळखीच्या होत्या काय?"

हो म्हटलं.

त्याची काही चूक नाही. ती कोण, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. प्राचार्य विसरले. मी एकदा सांगून मोकळी झाले होते.

तशीच बाजारात गेले. धनीराम, पितळेचं दुकान, माल त्यांनीच नेला. "रात्रीच भट्टीवर गेला बाई. जुनं पितळ कोण ठेवते?"

दोन गुंड होते, म्हटलं. एकावर जुनं नाव, रुखमाबाईंच्या आईचं. एकावर तारखेची जागा मोकळी. पाहिले का?

"नावं सगळ्यांवरच राहतात. आमी वाचत नाही. वाचत बसलो तं धंदा होईल काय?" वाईट माणूस नाही. मला स्टूल दिलं, पाणी मागवलं. मग फळीवरून एक गुंड काढला, चकचकीत. "हा घेऊन जा न. नाव फुकटात घालून देतो." कानामागची पेन्सिल काढली.

"काय नाव?"

उठून आले.

९ मार्च

तीनदा. मीच वाजू दिला.

१० मार्च

यांना सगळं सांगितलं. थोड्या वेळानं कपाट उघडल्याचा आवाज आला. तिचा फोन काढून त्यांनीच चार्जिंगला लावला.

१४ मार्च

काही नाही. पाणी भरलं. स्टीलच्या पिंपात.

२१ मार्च

तिचा फोन वाजला. उचलला.

"पोरी! माहा गुंड बरा हाय न?"

मी म्हटलं — रुखमाबाई, मी प्रतिक्षाची आई. गुंड मोडीत गेला. प्रतिक्षा वारली, दोन वर्षं झाली. त्या दिवशी मी खोटं बोलले.

एका दमात. याच क्रमानं.

तिकडं सुपाचा आवाज येत होता, तो थांबला. मग —

"गुंडाचं राहू द्या बाई. पोरीचं सांगा."

सांगत बसले.