आईला उचलायचं कसं

छोट्या,
माझी पाठ बळकट व्हावी म्हणून तू सुचवलेला वजन उचलायचा व्हिडिओ घ्यायचा की नाही, ते ठरवायला त्याचा फुकटचा भाग आईसोबत पाहिला. शिकवणारा चांगला आहे. गुडघ्यांत वाकून, पाठ ताठ ठेवून कसं उचलायचं ते नीट दाखवतो. आई मात्र म्हणाली, "बरंय, त्याचं वजन त्याची माफी मागत नाही." मला हसूही आलं नाही. पलंगावरून खुर्चीत घेताना ती रोज माझी माफी मागते रे.

व्हिडिओ राहू दे. मी कामावर निघालेय, कंबर धरलीच आहे. संध्याकाळी लवकर ये आणि तिला दुसऱ्या बाजूने धर. तिला गॅलरीत बसायचंय, आणि ते माझ्या एकटीच्याने होत नाही.

ताई