चाळीस खेळाडू पाहिजेत

२ नोव्हेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. ‘आयर्न बंकर’ संपला असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील तेव्हा तारखा लागतील, म्हणून लिहून ठेवतो.

गेम आठ वर्षांचा. जुना नव्हे, मुरलेला. लॉकडाऊनमध्ये आमच्या टीममध्ये एकसष्ट जण होते. नाव बंकर तालीम मंडळ, अध्यक्ष मी, विजयसिंह. पदाधिकारी अकरा. सध्या खेळणारे चार. बाकीचे विश्रांतीवर आहेत.

आज केरबा आणि बाळासो ऑनलाइन आले. बरोबर अकराला. तीन मॅच खेळून बाराच्या ठोक्याला गेले. गेल्या रविवारी उदयसिंह आणि नृसिंह होते, तेही अकरा ते बारा. याला शिस्त म्हणतात. ती मी लावली आहे.

तिसऱ्या मॅचमध्ये बाळासो भिंतीकडे तोंड करून उभाच होता. शत्रू कुठून येतो हे मी त्याला दहा मिनिटं समजावलं. तो भिंतीकडेच बघत राहिला. मनावर घेतलेलं दिसतं.

३ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी, दुकानात

कंपनीचा मेल. रविवारी २३ तारखेला दुपारी बारा ते एक भारतातले खेळाडू मोजणार. एका वेळी चाळीस दिसले तर सर्व्हर चालू. नाहीतर ३० तारखेला दुपारी बारा वाजता कायमचा बंद.

फक्त चाळीस! माझ्या फोनमध्ये आठशे नंबर आहेत.

संकल्प: रोज दहा फोन. कुणाशी वाद घालायचा नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

फोन चार. वाद तीन.

आमचा खजिनदार धवल म्हणाला, दादा, आता कोन खेळतंय त्यो, आम्ही नवा घेतलाय की. तो नवा मी बघितलाय. सैनिक गुलाबी जाकीट घालतात आणि माणूस मारला की नाचतात. आमच्या गेममध्ये मेलेला माणूस गप पडून राहतो. धवलला मंडळातून काढला. मग चाळीस आठवले. परत घेतला. त्याला यातलं काहीच कळलेलं नाही.

उरलेले सहा फोन उद्या. उद्याचे दहा धरून सोळा.

९ नोव्हेंबर, रविवार

फोन एकूण अकरा. डोकं दुखत होतं.

आज उदयसिंह आणि नृसिंह आले. उदय पुण्याला नोकरीला, तरी येतो. मंडळाचा उपाध्यक्ष आणि माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याने सुचवलं, मर्दा, सोपं हाय, २३ ला ज्यानं त्यानं घरातनं बाराला लॉगिन करायचं, झालं काम. मी म्हटलं, घरात बसून? मग मंडळ कशाला काढलं? आपण मैदान भरवायचं. शाहूपुरीत आमच्या पंपाच्या दुकानावर हॉल रिकामाच आहे. सगळ्यांनी तिथं यायचं. प्रमुख पाहुणे आमच्या पेठेतले कुस्तीचे वस्ताद, हंबीररावअण्णा. उदयने दोनदा विचारलं, हॉलमध्ये? भारावला असणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

चौकात फ्लेक्स लागला. माझा फोटो मोठा, अण्णांचा त्याखालोखाल, अकरा पदाधिकारी गोलात. गेमच्या नावाला जागा उरली नाही. बघणाऱ्यांना माझा वाढदिवस वाटला. तिघांनी शुभेच्छा दिल्या. घेतल्या.

केरबा, बाळासो आले होते. अकरा ते बारा.

जेवणात तांबडा-पांढरा ठेवला आहे, हे ग्रुपवर टाकलं. पंधरा मिनिटांत सदतीस अंगठे आले. खेळावरचं प्रेम असं एकदम उसळून येतं.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी

सत्तेचाळीस माणसं आली! आधी हे लिहून ठेवतो.

साडेअकरापर्यंत सगळ्यांच्या फोनवर गेम उतरवून झाला होता. धवलसुद्धा आला. उदय पुण्याहून पहाटे निघून आला. अण्णांना अकराची वेळ दिली होती, ते बाराला दहा कमी असताना आले. उदय माझ्या कानाशी लागला, आधी लॉगिन करू दे सगळ्यांना, सत्कार मागनं. मी साफ नाही म्हटलं. पाहुणे उभे असताना माणसं फोनमध्ये तोंड घालून बसली तर पेठेत तोंड दाखवता येईल का? अण्णांनी नारळ वाढवल्याशिवाय मैदान सुरू होत नसतं. मी माईकवरून सांगितलं, फोन खिशात. सगळ्यांनी ऐकलं. अजून माझ्या शब्दाला वजन आहे.

मग अण्णांना फेटा. मग अकरा पदाधिकाऱ्यांना. एक फेटा कमी पडला, नृसिंह रुसून जिन्यात जाऊन बसला, त्याला आणायला दोघं गेले. मग माझं प्रास्ताविक. थोडक्यातच केलं, पंचवीस मिनिटं. मग अण्णा उठले. दूध, बदाम, जोर, बैठका, आणि हल्लीच्या पोरांना मान कशी नाही. उदय मागं उभा राहून मला घड्याळ दाखवत होता. मला दिसत होतं. पण वस्तादांना बसा म्हणणारा माणूस कोल्हापुरात अजून जन्मायचा आहे.

नारळ फुटला एक वाजून सहा मिनिटांनी. त्यानंतर अठ्ठेचाळीस जणांनी लॉगिन केलं. अण्णांनीसुद्धा.

कंपनी इतकी काटेकोर नसणार.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कंपनी काटेकोर आहे. मोजणीच्या तासात भारतात जास्तीत जास्त सहा खेळाडू. सर्व्हर ३० ला बंद.

मी लांबलचक मेल लिहिला. आमच्याकडे पाहुण्यांचा मान म्हणजे काय, ते मुद्देसूद मांडलं. उत्तर लगेच आलं. आपोआप येणारं होतं.

दोष अण्णांचा. थोडा उदयचाही. नुसतं घड्याळ काय दाखवतो, बोलायचं होतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी मंडळाच्या ग्रुपवर बाळासोचा मेसेज. ह्या रविवारी विजूदादाकडं कुनाची पाळी? का आता सुटलो?

दोन मिनिटांत त्याने तो पुसला. मी वाचला होता.

उदयला फोन लावला. आधी उडवाउडवी केली, मग म्हणाला, दीड वर्ष झालं आम्ही चौघं नवा गेमच खेळतोय मर्दा, रोज. तुझ्याकडं दोघं-दोघं रविवारी आळीपाळीनं येतोय. म्हटलं, मग मला का नाही बोलावलं तिकडं? तो म्हणाला, तू शिकवतोस रं लई. खेळू कुठं देतोस?

म्हणजे गेम मेला नव्हता. मला सोडून सगळे दुसरीकडे गेले होते आणि मी इकडे चाळीस माणसं गोळा करत होतो.

पाळ्या कुणी लावल्या, विचारलं. उदय म्हणाला, वहिनींनी.

२६ नोव्हेंबर, बुधवार

संयोगिताला जाब विचारला. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. म्हणाली, अहो, रविवारभर तुम्ही मला आणि आपल्या अवंतिकाला भांडी कशी लावायची, अभ्यास कसा करायचा, हेच सांगत फिरता. निदान एक तास दुसऱ्या कुणीतरी ऐकावं म्हणून मीच उदयभावजींना गळ घातली.

मी तिला तिचं कुठं चुकलं ते समजावून सांगितलं. पाऊण तास लागला.

संकल्प: कुणाशीही बोलणार नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मी बोलत नाही हे घरात कुणाच्या लक्षात आलेलं नाही. दोघी गुणगुणत असतात.

संयोगिताने सांगितलं, रविवारी हंबीररावअण्णा पत्ते खेळायला येणार आहेत. माझ्या लगेच लक्षात आलं. म्हातारा माणूस, तालमीत आता कुणी फिरकत नाही, बोलायला कुणी नाही. एकटे पडलेत बिचारे. मी त्यांच्यावरचा राग सोडला. दर रविवारी त्यांना सोबत द्यायची.

३० नोव्हेंबर, रविवार

साडेदहाला गेम उघडला. मॅपवर मी एकटाच. बंकरपासून पुलापर्यंत चालत गेलो, परत आलो. कुणी गोळीही घातली नाही.

अकराला अण्णा आले. पत्त्यांत अगदीच कच्चे. प्रत्येक पानाला थांबवून मी त्यांना डाव समजावत होतो. ते मान हलवत होते. नादात बारा कधी वाजले कळलंच नाही, सर्व्हर बंद होताना बघायचा राहून गेला. पण एका माणसाचा रविवार आपल्यामुळे बरा गेला, याचंही समाधान असतं.

अण्णा निघाले. संयोगिता त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेली. दार उघडंच होतं. अण्णा तिला म्हणत होते, तू बोलावलंस म्हणून आलो पोरी, पर ह्यो लई बोलतोय. दर आयतवारी मला एकट्याला झेपायचं न्हाय, आनी कोन मिळतंय का बघ.