घरकोपरा

कशेळे,
११ जुलै २०२५

ती. सुनंदाआत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि शाळेच्या गावात रेंज नाही, म्हणून हे पत्र. सकाळची जीप वेळेत मिळते, खोली गळत नाही, डबा मी स्वतः करते. तेव्हा काळजी नको.

तुझी शाळेतली छडी अख्ख्या खालापुरात गाजली, त्यामुळे तू हसणार, पण मी दुसरीच्या वर्गातली बाकं भिंतीला लावून चार कोपरे केलेत. वाचनाचा, चिंचोके मोजायचा, दुकानाचा आणि घराचा. मुलं गटागटाने फिरतात, मी मधे फिरते. तेजश्री तर दुकानात बसून भावावरून माझ्याशीच भांडते.

घराच्या कोपऱ्यात मातीची चूल आणि चिंधीची बाहुली आहे. तिथलं बघून मात्र माझी झोप उडालीय. रिया नावाची मुलगी तिथे रोज बापच होते. परवा तिने बाहुलीच्या तोंडात बोळा कोंबला, तिचा हात चुलीवर दाबून धरला आणि अगदी हळू म्हणाली की वरडलीस तर दुसरा पन भाजीन. बाकीच्या पोरी आधी हसल्या, मग चुलीपासून मागे सरकल्या.

तिचा बाप जितेश आमच्या शाळा समितीचा अध्यक्ष आहे. गावात कुणाशी चढ्या आवाजात बोलत नाही. मी काय करू, लवकर कळव.

तुझी,
सुरभी


खालापूर,
१७ जुलै २०२५

चि. सुरभीस,
अ. उ. आ.

हसले नाही गं. छडीने मुलं गप्प बसायची, एवढंच. गप्प बसलेलं मूल घरून काय घेऊन आलंय ते मला कधी दिसलं नाही.

रियाला सगळ्यांसमोर काही विचारू नकोस आणि खेळही थांबवू नकोस. तिच्या आईला जुन्या साड्या मागायच्या निमित्ताने शाळेत बोलाव. एकटी बसू नकोस तिच्याबरोबर, खिचडी करणाऱ्या बुधीबाई असू देत. जितेशला चुकूनही समजवायला जाऊ नकोस. गोड बोलणारा माणूस आहे, त्याची मला जास्त भीती वाटते.

जपून राहा. तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
आत्या


कर्जत,
४ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

डावा हात प्लास्टरमध्ये आहे, उजव्याने लिहितेय. पेपरात वाचलं असशील, तरी माझ्याकडून ऐक.

रियाची आई छाया आली होती. खिडकीतून तिने लेकीचा खेळ पाहिला आणि खालीच बसली. म्हणाली की बाई, मला वाटायचं ही झोपलेली असते. मग पदराखालचा हात काढून दाखवला. आत्या, त्या हाताची कातडी मेणासारखी वितळून पुन्हा थिजली होती. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर पोलिसांत यायला ती तयार झाली.

पण कुठल्याशा मुलाने घरी जाऊन रियाचा खेळ सांगितला. सकाळी वर्ग चालू असताना जितेश गोठ्यातला दांडका घेऊन आला. दारातच चपला काढल्या. हसत हसत त्याने मुलांना विचारलं की इथं बाप कोण होतं. रियाने हात वर केला.

त्याने तिला केसांना धरून उचललं आणि भिंतीवर आपटलं. मी मधे पडले. दांडका हातावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. मुख्याध्यापक निलेश सर धावत आले, त्यांचं डोकं फुटलं. मुलं बाकांखाली शिरली होती, किंचाळत होती. तो चूल लाथेने फोडत म्हणत होता की माज्या घरातलं भायेर काढता, आता घरच ठेवत नाय.

आरडाओरडा ऐकून छाया आली. त्याने तिला खाली पाडून मानेवर पाय दिला. तिचे डोळे पांढरे व्हायला लागले होते, तेवढ्यात तिने त्याच्या पोटरीत दात रुतवले. त्याने दांडक्याने पाठ फोडली तरी तिने सोडलं नाही. तो कोसळला तसा बुधीबाईंनी आणि रस्त्यावरच्या बायांनी त्याला धरला. पोलीस येईपर्यंत त्या त्याच्या अंगावर बसून होत्या. छायाच्या तोंडातून रक्त गळत होतं, तिचं किती आणि त्याचं किती, कळत नव्हतं.

रियाच्या कपाळाला टाके पडलेत. जितेश कोठडीत आहे. गावातले म्हणतात की हे सगळं त्या कोपऱ्यामुळे झालं. समितीने बाकं पुन्हा रांगेत लावली. छायाला माहेर उरलेलं नाही. इस्पितळातून दोघींना तुझ्याकडे पाठवू का?

मायेला पारखी करू नकोस,
सुरभी


खालापूर,
२९ ऑगस्ट २०२५

चि. सुरभीस,
अ. उ. आ.

पाठवू का म्हणून विचारतेस काय? दोघी इथे नीट आहेत. रिया अजून दार वाजलं की पलंगाखाली जाते.

काल छायाची सासू जयवंता आली. पायरीवरच बसून रडली. म्हणे एकुलता एक लेक हाय, तक्रार मागं घे, तुला येगळं घर देते. छायाने विचारलं की सासूबाई, तो मला भाजायचा तेवा भायेरून कडी कोन लावायचं?

छायाने भाजलेला हात तिच्या मांडीवर ठेवला, आणि तसाच राहू दिला. म्हातारीने त्या हाताला बोट लावलं नि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. मला वाटलं आता शिव्या देत उठेल. उठली, पण मला विचारलं की पोलीस ठाण्याची गाडी कुठून मिळंल.

मी बरोबर गेले. साहेबांसमोर तिने सांगितलं की कडी मीच लावायची, माजंबी नाव लिवा. पोराचं नाव घेताना ती अडखळली, पण तिने ते घेतलं. परतताना मी तिच्या शेजारी बसले नाही. बसवेना.

आता तुझं. हात बरा झाला की वर्गातली बाकं भिंतीला लाव. समितीपुढे बोलायला मी येते. कोपऱ्याने काही घडवलं नाही, घडत होतं ते उघड्यावर आणलं, हे छायाही सांगणार आहे. तीच म्हणाली.

वाट पाहते, पोरी. आशीर्वाद आहेतच,
आत्या