सागरच्या टेम्प्लेटमधलं गुलाबी हेडिंग

मंगळवार, सांजच्याला, आष्टा

आज लय जळतंय पोटात. दुकानात टायपिंगला आमी दोघं, मी आन सागर. मी लग्नाच्या बायोडाट्याची एकेक ओळ हातानं ठळक करत बसतो. त्यानं टेम्प्लेट करून ठिवलंय, नुसती नावं भरायची. मालक दिसभर "सागर, सागर". म्हणून दुपारी त्याच्या टेम्प्लेटात हेडिंगची स्टाइल गुपचूप बदलली. भडक गुलाबी, ही येवढाली अक्षरं! म्हणलं, आता खातंय शिव्या.

त्यानं न बघताच प्रिंट मारली. पोरीचा बायोडाटा न्यायला आलेली काकू म्हणली, "आवं, लय ग्वाड दिसतंय! धाकटीचा बी असाच काढा."

गुलाबी माझं हुतं की! पर सांगू कसं?

मालकानं सागरची पाठ थोपटली आन मला म्हणला, "उद्या याच्याकडनं शिकून घे रं, गुलाबी कसं करायचं."

सागर बी म्हणतो कसा, "शिकवतो की."