दारावरची पिशवी

६ फेब्रुवारी, मंगळवार
२०१ मध्ये चोरी! भरदिवसा. त्यांनी नव्या वर्षाच्या सणाला गावी जातोय म्हणून सगळ्या गल्लीत सांगितलं होतं. चोरानेही ऐकलंच असणार.

पोलिसांनी जिन्यात सूचना लावली आहे. दूध-पेपर बंद करा. दाराशी खोकी साचू देऊ नका. कुलपाचा आकडा बदला. सगळं बरोबर आहे, पण इथे पाळतो कोण?

शेजारच्या ओक-बुन आजींचा आकडा म्हणजे मुलाचा वाढदिवस. सगळ्या मजल्याला पाठ.

७ फेब्रुवारी
संध्याकाळी आजींचं कुलूप नीट केलं. आमच्याच कारखान्यातलं आहे, मी तिथे तपासणीला असते. कळफलकावरची चारच बटणं झिजली होती. चोराला आणखी काय हवं?

"नवा आकडा घाला," म्हटलं आणि पाठ फिरवली.

"अगं, तू तर बघून ठेव!"

"कुणालाही सांगायचा नाही, आजी. मलाही नाही."

"भारीच कडक बाई तू. म्हणून दारात नुसते बूटच दिसतात. त्यात पाय कधी येणार?"

बूट भावाचे आहेत. एकटी मुलगी राहते हे दिसू नये म्हणून ठेवते. आजींना हे माहीत आहे. तरी दर वेळी विचारतात.

उद्या दुपारच्या बसने त्या इंछन शहरात, मुलाकडे जाणार. घरावर लक्ष ठेवीन म्हणाले.

८ फेब्रुवारी
कामावरून आले तेव्हा ३०१ मध्ये अंधार. आजी गेल्या. दार आणि चौकट यांच्यावर खाली पारदर्शक चिकटपट्टी लावली. दार उघडलं तर सुटेल.

आईचा फोन. "सणाचं तांदळाच्या चकत्यांचं सूप तरी खायला ये. आत्या विचारतेय."
आत्या काय विचारते ते ठाऊक आहे. ड्यूटी आहे म्हणाले. अर्धीच आहे.

९ फेब्रुवारी
आजींच्या दारावरच्या कापडी पिशवीत पिण्याच्या दह्याची बाटली! बंद करायला सांगायला विसरल्या. लोंबणारी भरली पिशवी म्हणजे घर रिकामं असल्याची पाटीच. बाटली माझ्या फ्रिजमध्ये ठेवली. दहीवाल्या काकू मी कामावर असताना येऊन जातात, नाहीतर सांगितलं असतं.

पट्टी शाबूत.

१० फेब्रुवारी, चांद्र नवं वर्ष
गल्ली ओस. पाकिटातलं सूप करून खाल्लं. ते खाल्लं की वय एकाने वाढतं म्हणतात. झाले एका वर्षाने मोठी.

जिन्यात अनोळखी माणूस. टोपी, हातात फळांची पेटी. दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहिले. वरच्या मजल्यावर गेला, तिथे मुलांचा गलका झाला. कुणाचा तरी मामा!

११ फेब्रुवारी
पुन्हा बाटली. उचलली.

दुपारी ३०१ च्या बाजूने आवाज. ठक. मग पुन्हा. काहीतरी पोकळ वस्तू आपटल्यासारखा.

कोणीतरी आत आहे!

नुसत्या मोज्यांवर, श्वास रोखून त्यांच्या दारापर्यंत गेले. पट्टी शाबूत. खिडकीला लोखंडी जाळी. म्हणजे कोणी आत शिरलेलं नाही. थंडीत नळ असे वाजतात.

आजींना फोन केला. उचलला नाही. सणाचं घर, नातवंडं — कोण ऐकतंय!

घरी येऊन दोन्ही कड्या लावल्या.

१२ फेब्रुवारी
आज सुट्टी. पिशवीत हात घातला आणि मागून ओरडा —
"ए! आजींची बाटली कशाला घेतेस?"
दहीवाल्या काकू. गाडी खाली लावून विसरलेली छत्री घ्यायला परत आल्या होत्या.

"आजी गावी गेल्यात. चोराला कळू नये म्हणून मी —"

"कालचीही तूच? सणाआधीचीही?" त्यांचा चेहरा उतरला. "अगं, एकट्या म्हाताऱ्यांना आम्ही बाटली देतो ती नुसती प्यायला नाही. पिशवी तशीच भरलेली दिसली की मी दार ठोकते. आकडा माहीत होता, तर आत जाऊन बघायचे. पिशवी रिकामी दिसली. म्हटलं, बरं चाललंय!"

त्यांनी आजींच्या मुलाला फोन लावला. मला पलीकडचं स्पष्ट ऐकू आलं. "आई? इथे नाही. आम्ही सासुरवाडीला आलोय. आईच म्हणाली, सण शेजारच्या मुलीबरोबर करणार आहे."

मी खाली बघितलं. पट्टी शाबूत.

मग कळलं. कोणी आत गेलेलं नाही. कोणी बाहेरही आलेलं नाही.

काकूंनी जुना आकडा दाबला. कुलूप नुसतं किंचाळलं. "नवा काय आहे?" मला ठाऊक नव्हता. बचाव पथकाला बोलावलं, त्यांनी तोडलं. बराच वेळ लागला. चांगलं कुलूप आहे.

न्हाणीघर दाराला लागूनच. आजी फरशीवर, हातात प्लास्टिकचा टब. श्वास चालू होता.

१३ फेब्रुवारी
खुब्याचं हाड मोडलंय. शुद्ध येते-जाते. दिवे मालवून घरातच होत्या, सणाच्या सकाळी पडल्या. भेटायला गेले, दारातूनच परतले.

१५ फेब्रुवारी
आजी बोलल्या. मुलगा बाहेर फोनवर होता. मला ओळखलं, हात धरला. आवाज बसलाय, कान जवळ न्यावा लागला.

"पोरी, दाराशी चोर यायचा गं. बाटली न्यायचा. आधी मी गप्प पडून राहिले. मग टब आपटायला लागले. म्हटलं, चोर तर चोर — आत तरी येईल!"