भुंगेऱ्यांच्या पेटीत

३ मार्च, वॉलॉंगॉंग, ऑस्ट्रेलिया

आज पुन्हा डॉक्टरांची पत्रं. दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस. सकाळी रोगी तपासायचा, उरलेला दिवस भुंगेऱ्यांमागे. लंडनच्या मित्राकडे टाचण्या मागतो, स्पिरिट मागतो, पावसाबद्दल कुरकुरतो. धाकट्या लेकीने प्रत्येक भुंगेऱ्याचं बारसं केलंय म्हणे. हसू आलं. विद्यापीठाच्या वेबसाइटसाठी जुनी पत्रं वाचून पगार मिळतो, यावर घरी अजून कोणाचा विश्वास नाही. आई रोज फोनवर विचारते, "तुझे डॉक्टर काय म्हणतात?"

९ मार्च

आज तपासणी. माझ्या वरिष्ठ हेलनने टाइप केलेलं ती बघणार, मी मूळ पत्र मोठ्याने वाचणार. काही गाळायचं नाही, सुधारायचं नाही. पाऊस, लेकीचा खोकला, आणि त्याच सुरात, नदीकाठच्या थडग्यातून इथल्याच एका म्हातारीची कवटी मिळाली, भुंगेऱ्यांच्या पेटीत भरून पाठवतो आहे. मग लेकीचे पापे.

माझ्याच तोंडून वाचलं गेलं.

हेलनला अर्थातच माहीत होतं. म्हणाली, हे सध्या वेबसाइटवर नको, लोकांना रोजची साधी पत्रं आवडतात.

मी म्हटलं, "हेच त्याचं रोजचं आहे."

१० मार्च

आईला सांगितलं. बाबांच्या अस्थी नदीवर नेईपर्यंत दारच्या शेवग्याला बांधल्या होत्या, ती येताजाता बघायची. तेच आठवलं असणार.

"त्या बाईचं नाव काय गं?"

नाव नाही लिहिलेलं. भुंगेऱ्यांची आहेत, लॅटिनमध्ये.

१४ मार्च

आन्टी डॉरीनना सांगायला हवं. नदीकाठच्या मूळ लोकांपैकी त्या, uni मध्ये सगळे मानाने त्यांना आन्टीच म्हणतात. हेलन म्हणते योग्य वेळी ती सांगेल, मी नवीन आहे, थांबावं. मी म्हटलं, नाही थांबणार.

तो डॉक्टर अजूनही मला आवडतो. रडू येतं ते याचं.

१९ मार्च

आन्टींनी चहा केला. विचारलं, डॉक्टर असून अक्षर बरं होतं का त्याचं? मग म्हणाल्या, सगळं वाच. पाऊसही.

वाचलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "पेटी कुठे गेली? शोध तिला."

हेलन बोलत नाही माझ्याशी. मेल्स पाठवल्या, जिथे जिथे सुचलं तिथे.

२ एप्रिल

लंडनहून उत्तर आलं, एका संग्रहालयाचं. पेटी आहे. भुंगेरे सगळे सुस्थितीत, मूळ टाचण्यांसकट. फोटोही पाठवलेत, फार सुंदर. त्या म्हातारीच्या कवटीबद्दल विचारलेल्या ओळीला उत्तरच नाही. पुन्हा लिहिलंय.

दुपारी आन्टींचा फोन आला. उचलवला नाही. काय सांगू, भुंगेरे सापडले म्हणून?