फ्रिजमागचा आरसा

मकाय, रविवार दुपार

ती. नेट्टा मावशीस रोमिनाचा नमस्कार.

पाकीट पाहून कोणीतरी गेलं असं तुला वाटेल. सगळे आहेत. आईचा गुडघा दुखतो, बाबांचा ऊस निम्मा अजून उभा आहे आणि कारखान्याची काजळी दोरीवरच्या कपड्यांवर नेहमीसारखी बसते. होबार्टच्या थंडीत तुझी छाती कशी आहे? काकांनी धुराडं साफ करून घेतलं का? (घेतलं नसेल.) फोन करण्याऐवजी लिहिते आहे, कारण फोनवर तू तीन विषय काढतेस, मी चार, आणि ज्यासाठी फोन केलेला असतो ते फोन ठेवल्यावर आठवतं.

तर, मी सध्या हँगर झाडते. विमानं दुरुस्त करायचा परवाना माझ्याजवळ आहे, पण दुरुस्तीखाली सही करायचा हक्क आमच्या मुख्याने, क्लाइव्हने, काढून घेतला आहे. का, ते क्रमाने सांगते.

तुला माहीत आहे की मी सगळं तीनदा तपासते. घरातून निघताना गॅस, हँगरमधून निघताना प्रत्येक बोल्ट, आणि अर्ध्या वाटेत गाडी वळवून पुन्हा तोच बोल्ट. उन्हाळ्यात झोप पूर्ण गेली, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी हा चिंतेचा आजार आहे म्हणून गोळी दिली. गोळी लागू पडली. माझी तक्रार तीच आहे. छातीतली धडधड थांबली, भीती गेली आणि तिच्याबरोबर बाकीचंही गेलं. दूध उतू जाऊ लागलं, बाबांचा वाढदिवस राहिला, गाडीच्या चाव्या रोज नव्या ठिकाणी सापडू लागल्या. मी कधी विसरत नसे, असा माझा समज होता. विसरेन या भीतीनेच मला सगळं आठवत होतं, हे भीती गेल्यावर कळलं.

आमच्याकडे हत्यारांचा फळा असतो. प्रत्येक हत्याराची बाह्याकृती त्यावर रंगवलेली असते, आणि संध्याकाळी एक जरी आकृती रिकामी दिसली तरी विमान जागचं हलत नाही, कारण ते हत्यार विमानाच्या पोटात राहिलेलं असू शकतं. एका संध्याकाळी, अडचणीच्या फटींत बघायच्या लांब दांड्याच्या आरशाची जागा रिकामी होती. आरसा मी घेतला होता. बेटांवर टपाल आणि औषधं नेणारं विमान अडकून राहिलं. क्लाइव्हसकट सगळ्यांनी त्याची झाकणं उघडली, खुर्च्या काढल्या, तळ उचकटला. शेवटी वैमानिक ट्रेंट थंड काहीतरी घ्यायला जेवणाच्या खोलीत गेला आणि आरसा घेऊन परत आला. तो फ्रिजमागे होता. झालं असं की माझ्या चाव्या फ्रिजमागे पडल्या होत्या, त्या बघायला मी आरसा नेला, चाव्या सापडल्या, आनंद झाला आणि आरसा तिथेच राहिला. एक वस्तू शोधताना दुसरी हरवणं हे माझं कौशल्य आहे. आता त्याला साक्षीदारही आहेत.

क्लाइव्ह ओरडला असता तर मला समजलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "पोरी, तू रडली असतीस तरी चाललं असतं. आम्ही विमान उसवत होतो आणि तू बिस्किट खात होतीस." हे खरं आहे. मला भूक लागली होती आणि भीती वाटत नव्हती.

मग टाउन्सविलच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. फाम यांच्याकडे गेले. बाई हुशार आहेत. त्यांनी विचारलं, धास्तावलेल्या नसता तेव्हा लक्ष लागतं का? मी म्हटलं, तसा नमुना माझ्याकडे नव्हता. गोळीनंतर मिळाला आणि त्याच काळात आरसा गेला. त्यांच्या मते इथेच खरी गाठ आहे. काळजीने लक्ष उडतं तेव्हा ते एकाच खुंटीला बांधलेलं असतं: काय होईल, काय होईल. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आजारात खुंटीची गरजच नसते; मन निवांत असलं तरी लक्ष सुटतं. दोन्ही एकाच डोक्यात नांदू शकतात, आणि पुष्कळदा काळजी ही एडीएचडीचे फटके खाऊनच जन्मते. लक्षाच्या औषधाने धडधड वाढू शकते, आणि काळजीच्या औषधाने काय झालं ते क्लाइव्हने पाहिलं, म्हणून दोन्ही बेताबेताने, एकमेकांकडे बघत वाढवावी लागतात. (दोन इंजिनांच्या विमानात एकाचाच जोर वाढवला तर नाक वळतं. हे मी बाईंना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.)

औषधाखेरीज त्यांनी वस्तूंना ठरलेल्या जागा द्यायला सांगितल्या. मी घरीही फळा केला. चाव्या, फोन, चष्मा, सगळ्यांच्या आकृती रंगवल्या. आता काय हरवलं आहे ते मला अचूक कळतं.

अडचण अशी की एडीएचडी म्हणायचं तर लहानपणापासूनची लक्षणं लागतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकांत मी शांत आणि नीटनेटकी आहे. डॉक्टरबाईंनी आईला फोन केला. आई म्हणाली, "माझी पोरगी कधी टोपीसुद्धा विसरली नाही हो. डोक्याचं काही नाही तिला, जेवत नाही नीट," आणि चीज भरलेल्या पास्तिझी करून पाठवू का असंही विचारलं. (चर्चमधल्या बायकांना कळलं तर, हे ती बोलली नाही, पण तो फोन तिने मोरीत जाऊन घेतला होता.) त्यामुळे सध्या नोंद नुसत्या चिंतेची आहे आणि तीच गोळी वाढवण्याचं घाटतं आहे. म्हणजे मी आणखी शांत होणार. क्लाइव्हने महिनाअखेरची मुदत दिली आहे. तोवर डॉक्टरांनी काय ते नक्की सांगून उपचार सुरू झाले तर सही परत मिळेल, नाहीतर झाडू कायमचा. झाडूही मी दोनदा शोधला आहे.

असो. काकांना नमस्कार, कोंबड्यांना खाऊ.

तुझी,
रोमिना

ता. क. टोपी मी रोज विसरायचे. तू रोज मागून सायकल दामटत यायचीस, शाळेच्या कुंपणावरून टोपी, डबा, कधी एकच बूट माझ्याकडे टाकायचीस आणि ओठांवर बोट ठेवायचीस. तुझ्या कपाटात माझ्या प्रत्येक वस्तूची जास्तीची जोडी होती. आईला हे अजून ठाऊक नाही. म्हणजे पुरावा तूच प्रेमाने नष्ट केला आहेस. मग तुझं लग्न झालं, तू होबार्टला गेलीस आणि त्या वर्षापासून मी तीनदा तपासू लागले. बाई विचारतात, आधी काय आलं? आधी तू होतीस, मावशी. तुझ्या जागी भीती आली. येत्या नव्हे, त्यापुढच्या बुधवारी सकाळी त्या तुला फोन करतील. सगळं खरं सांग. आई चिडेल, तुझ्यावर जास्त. त्याला माझ्याकडे उपाय नाही.

ता. क. २. बुधवारी फोन एप्रनच्या खिशात ठेव आणि एप्रन अंगात घाल. गेल्या वेळी दोन्ही खुराड्यात सापडले होते.

ता. क. ३. सोबत तुझ्या घराची किल्ली. नाताळात माझ्याबरोबर आली. तू अजून विचारलं नाहीस, म्हणजे ती नाही हे तुझ्याही लक्षात आलेलं नाही. बाई म्हणतात, हे घराण्यात असतं. ही गोष्ट त्यांना माझ्याविषयी सांगून झाल्यावर सांग.

(पाकिटाच्या पाठीवर) किल्ली आत नाही. टेबलावर दिसते आहे. बुधवार विसरू नकोस.